चौथा खंड गहाळ

लांबी तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर,
म्हणजे तांदळाच्या कणीहून जरासा मोठा.
वजन काट्याने नोंदवलंच नाही.
रंग हिरवट पिवळा, असं लिहिलं, खोडलं,
लिहिलं, कोवळ्या बिलिंबीच्या सालीसारखा,
तेही खोडलं. परीक्षक बर्लिनचा,
बिलिंबी त्याच्या बापजन्मी आंबट झाली नसेल.
शेवटी हिरवट पिवळाच राहिला.

पंखावर पाचर, पाचरीच्या टोकाला तांबूस ठिपका.
ही पाचर या कुळाची, आडनावासारखी.
सोंड चार खंडांची, पोटाखाली मिटलेली,
अडकित्ता मिटून चंचीत ठेवावा तशी.

आई विचारते, काय म्हणालीस, कोण आहे तो?
ढेकूण, मी म्हणते. झाडावरचा.
आई गप्प.
तिने माझगावच्या खोलीत
खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतत
पंधरा वर्षं काढली
आणि तिची मुलगी चौदा महिने
एकाच ढेकणापुढे भिंग धरून बसलीय,
तेही पगार घेऊन.
चावतो?
नाही गं, रस पितो. मारांडीचा.
मग पिऊ दे, म्हणाली, आणि माठ निवडत राहिली.

मनोरीच्या खाडीत, ओहोटीला,
मारांडीच्या जांभळ्या फुलांवरून जाळीचा एक फटका.
माझा डावा बूट चिखलाने ठेवून घेतला, अजून तिथेच असेल.
जाळीत दोन कोळी, एक नाकतोडा, काटेरी पानाचा तुकडा
आणि हा. एक शृंगिका तेव्हाच मोडलेली.
बस्त्यावने होडीतून वाकून पाहिलं.
सत्तर वरसां झाली, म्हणाला, यो नय बगला कवा.
मग थोड्या वेळाने, वल्हं हातात तसंच धरून:
पन बगाया कोन गेलता?

नवा आहे हे ठरलं ते मात्र दुसरीकडेच.
पोटाचं टोक कापायचं, क्षारात उकळायचं,
ग्लिसरीनच्या थेंबात उलटं-सुलटं करायचं.
डावा आकडा कोयतीसारखा, आतल्या धारेला एक दात.
हा दात आजवर कुणाला नव्हता.
तेवढ्यावर एक अख्खी जाती उभी राहिली,
आणि ज्याचा दात, त्याला तो कधी दिसला नाही.

एप्रिलची दुपार. फ्रेनीने सवयीने पंखा लावला.
उरलेल्या शृंगिकेचा चौथा खंड
माझ्या सुईवरून उडाला.
आम्ही दोघी फरशीवर ओणव्या, श्वास धरून.
सापडलं पेन्सिलीचं सालपट, कुणाची तरी टिकली.
मी लिहिलं: चौथा खंड गहाळ.
शास्त्रात वस्तू गहाळ होते. कुणी करत नाही.

त्यानंतर चार वेळा गेलो. एकही नाही.
मादी अज्ञात. पिल्लं अज्ञात.
जीवनक्रम, तोही अज्ञात.

नाव बस्त्यावचं द्यायचं ठरवलं तर हसला,
ढेकनाला माजा नाव? घरची काय म्हनतील!
दोन दिवसांनी त्याचाच फोन:
आयचा घाल. फिलोमिना.
तिचा नाव कुठंच लिवलेला नय.
लॅटिनमध्ये शेवटी षष्ठी लागते,
आपल्या चा-ची-चे सारखी.
आता तो फिलूबायचा आहे, छापील.

अर्जात एका गोष्टीला रकाना नव्हता.
बाटलीत सोडल्यावर,
बोळ्याचा वास वर चढायच्या आत,
तो पुढच्या पायाने ती धड शृंगिका
खाली ओढून पुसत होता,
मुळापासून टोकापर्यंत, पुन्हा मुळापासून.
टोकाशी थोडा जास्त वेळ.
टोक पांढरं होतं, बहुतेक.
मी तेव्हा घड्याळ बघत होते.